हिशेब शिकू या, हिशेब विचारू या
(युनियनच्या विभागीय अभ्यासवर्गात सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून काही साथींनी विचारले, की रिक्त पदे, ठेकेदारी, महागाई भत्ता असे प्रश्न उभे असताना युनियनचा सचिव हिशेबाच्या अभ्यासक्रमात नाव घालण्यावर तासभर बोलणार म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. पण वाटाघाटीच्या टेबलावर बसून आम्ही जे पाहिले ते असे, की समोरचा अधिकारी कागद पुढे सरकवतो, त्यावर आकडे असतात, आणि ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याचा आवाज कितीही मोठा असला तरी तो दहा मिनिटांत खाली येतो. आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे शिकलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कॅशबुकावर आणि पतपेढीच्या खतावणीवर शिकलो. म्हणून पुढे जे सांगणार ते पंडिताचे प्रवचन समजू नका, कामगाराचा अनुभव समजा.

आपला माणूस हिशेबाअभावी कुठे मार खातो ते आधी पाहू.

बुकिंग क्लार्क घ्या. ड्युटी संपली की रोकड मोजायची, भरणा करायचा, महिनाअखेर स्टेशनचा ताळेबंद जायचा. काही महिन्यांनी वाहतूक लेखा कार्यालयाकडून एरर शीट येते: अमुक व्यवहारात भाडे कमी घेतले, तमुक रक्कम येणे आहे. आता ते डेबिट मान्य करायचे की कारण देऊन नाकारायचे हे ठरवायचे असते. ज्याला हिशेबाचा धागा मागे नेता येतो तो मूळ नोंद काढतो, हरकत लिहितो आणि पुष्कळदा सुटतो. ज्याला येत नाही तो सही करतो आणि पगारातून भरतो. आमच्याकडे आलेल्या तक्रारींत अशा सह्यांचे कागद बरेच आहेत. पैसे खाल्ले नव्हते, चूकही धड झाली नव्हती, फक्त उत्तर लिहिता आले नव्हते.

टपालातली गोष्ट वेगळी नाही. खेड्यातला शाखा डाकपाल बचत बँक, आवर्ती ठेव, मनीऑर्डर, विम्याचे हप्ते सगळे एकटा सांभाळतो. पूर्वी वही होती, आता हातात यंत्र आहे. यंत्र बेरीज बरोबर करते, पण चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम यंत्राला चुकीची वाटत नाही. संध्याकाळी रोकड कमी पडली, की ती आपल्या खिशातून भरून मोकळा होणारा डाकपाल आणि दिवसभराच्या पावत्या लावून तफावत शोधणारा डाकपाल यांच्यात फरक फक्त शिक्षणाचा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या म्हातारपणाची. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही, एनपीएस आली. १ एप्रिल २०१९ पासून त्यात सरकारचा वाटा १४ टक्के झाला. मग १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आली आणि या दोन्हींतून एक निवडण्याचा प्रसंग तरुण साथींवर आला. एकीकडे पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी, दुसरीकडे बाजारावर अवलंबून असलेला स्वतःचा निधी. तीस वर्षांच्या मिळकतीचा हा निर्णय किती जणांनी कागद-पेन्सिल घेऊन केला? बहुतेकांनी शेजारच्या टेबलावरच्याला विचारले, आणि त्याने त्याच्या शेजाऱ्याला.

साथींनो, हिशेब ही वाण्याची आणि साहेबाची विद्या, आपली नव्हे, असा एक समज आपल्यात घट्ट बसला आहे. तो खरा नाही. आपल्या भाषेत या विद्येचे शब्द इंग्रजी येण्याच्या पुष्कळ आधीपासून आहेत. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, जमा, नावे हे शब्द शाळेच्या मराठी पुस्तकात आजही आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीत लिहिलेले हिशेबाचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रोजचा व्यवहार घडेल तसा लिहिला ती कीर्द. त्यातून प्रत्येकाचे खाते वेगळे काढले ती खतावणी. सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर उतरवून दोन्ही बाजू जुळतात का पाहिले ती तेरीज. आणि शेवटी आपले किती, दुसऱ्याचे किती, हे मांडले तो ताळेबंद. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्सशीट हे याच गोष्टींचे इंग्रजी पोशाख. आधी गोष्ट मराठीत समजून घ्या, मग इंग्रजी नाव लावा. उलटे करणारे पहिल्या धड्यातच घाबरतात.

आपल्या चळवळीचाही या विद्येशी जुना संबंध आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतल्याशिवाय आपले कोणतेही अधिवेशन सुरू होत नाही. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना त्यांनी उभी केली, आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. पण हे थोड्यांना ठाऊक आहे, की गिरणीत स्टोअरकीपर होण्यापूर्वी लोखंडे रेल्वेत आणि टपाल खात्यात कारकून होते. म्हणजे तुमच्या-आमच्याच खात्यांतला हा माणूस. लेखणी आणि वही हातात असलेला माणूस कामगारांचा पुढारी झाला, हा काही योगायोग नव्हे.

आता मुख्य मुद्दा: नाव कुठे घालायचे आणि कोणी? चार वाटा सांगतो. आपापली वाट आपण ओळखावी.

पहिली वाट खात्यातली. रेल्वेच्या लेखा विभागात ज्युनिअर अकाउंट्स असिस्टंटला पुढे अकाउंट्स असिस्टंट व्हायचे तर ॲपेंडिक्स-२ ची परीक्षा, आणि त्यापुढे सेक्शन ऑफिसर, स्टेशन अकाउंट्सचा किंवा स्टोअर्स अकाउंट्सचा इन्स्पेक्टर व्हायचे तर ॲपेंडिक्स-३ ची परीक्षा. रेल्वे आस्थापना नियमपुस्तिकेतल्या परिशिष्टांचीच ही नावे आहेत. टपालात पोस्टल असिस्टंट आणि सॉर्टिंग असिस्टंट यांच्यासाठी पीओ अँड आरएमएस अकाउंटंटची परीक्षा आहे. जे आधीच या कामाच्या जवळ आहेत त्यांनी बाहेरच्या अभ्यासक्रमाचा विचार करण्यापूर्वी ही परीक्षा द्यावी. पात्र असूनही वर्षानुवर्षे फॉर्म न भरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. 'ती फार अवघड असते' असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते, आणि सांगणाऱ्याने बहुधा ती दिलेली नसते.

दुसरी वाट मॅट्रिकवाल्यांची. ट्रॅकमन, खलाशी, शिपाई, आणि नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या आमच्या भगिनी. यांतल्या पुष्कळांचे शिक्षण दहावीवर थांबलेले आहे. लेखा विभागातल्या अकाउंट्स क्लर्क कम टायपिस्टच्या थेट भरतीला बारावी लागते, ज्युनिअर अकाउंट्स असिस्टंट कम टायपिस्टला पदवी लागते. म्हणजे बारावी हे पहिले कुलूप. ते उघडायला १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची व्यवस्था आहे. तिथे दहावी पास माणसाला उच्च माध्यमिकला नाव घालता येते, वयाची वरची मर्यादा नाही, लेखाशास्त्र हा विषय घेता येतो. त्यापुढे पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, तेही १९८९ चेच. तिथे मराठीतून वाणिज्य शाखेची पदवी घेता येते. इटारसी, खरगपूर, हुबळी, सिकंदराबाद इकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी साथींना १९८५ साली सुरू झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ जवळचे पडेल, कारण त्याची केंद्रे देशभर आहेत.

तिसरी वाट अकाउंटिंग टेक्निशियनची. हे नाव नवे वाटेल, म्हणून समजावून सांगतो. रुग्णालयात डॉक्टर असतो तसाच प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ असतो. हिशेबाच्या जगात चार्टर्ड अकाउंटंट आणि कॉस्ट अकाउंटंट हे डॉक्टरच्या जागी धरले, तर नोंदी करणारा, खाती जुळवणारा, पगारपत्रक आणि कराची विवरणपत्रे तयार करणारा हा तंत्रज्ञ. इंग्लंडमध्ये अशा लोकांची स्वतंत्र संस्था १९८० पासून आहे आणि तिथे प्रवेशाला आधीच्या पदवीची अट नाही, कामावरचा माणूस पायरी पायरीने वर जातो. आपल्याकडे इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संसदेच्या १९५९ च्या कायद्याने झालेली संस्था 'सर्टिफिकेट इन अकाउंटिंग टेक्निशियन्स' हा अभ्यासक्रम चालवते. मुख्यालय कोलकात्याला, शाखा पुणे, नागपूर अशा अनेक शहरांत. बारावी पास माणसाला तिथे नाव घालता येते. पहिला भाग पास झालेल्याला याच संस्थेच्या कॉस्ट अकाउंटंटच्या इंटरमिजिएटला नाव घालण्याचे दार उघडते. लष्करातून निवृत्त होणाऱ्यांसाठीही हा अभ्यासक्रम पुनर्वसन महासंचालनालयाच्या साहाय्याने चालवला गेला आहे. बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला खतावणी लिहिता येते, तर पाना आणि टपालाची थैली उचलणाऱ्याला का येऊ नये?

चौथी वाट आपल्या मुलामुलींची. बारावी होऊन घरी बसलेली, दरवर्षी रेल्वे भरतीचे फॉर्म भरून वाट पाहणारी मुले आपल्या प्रत्येक कॉलनीत आहेत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हापासून लहानसहान दुकानदारालाही नोंदी ठेवणारा माणूस लागतो. मुलीने किंवा मुलाने वाट पाहतानाच हे शिकून घेतले तर भरतीची वाट पाहणे रिकामे जाणार नाही.

आता काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत, नाहीतर उद्या तुम्ही आमच्याकडेच तक्रार घेऊन याल.

एक. बाहेरचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून खाते आपोआप बढती देत नाही. खात्यातली बढती खात्याच्या नियमाने आणि खात्याच्या परीक्षेनेच होते. बाहेर शिकलेल्याला ती परीक्षा सोपी जाते, एवढाच फायदा, आणि तो लहान नाही.

दोन. नाव घालण्यापूर्वी आपल्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. परीक्षेच्या वेळी रजेचा प्रश्न आला की हाच कागद कामाला येतो.

तीन. नोकरीत असताना फी घेऊन बाहेरच्या दुकानदाराचे हिशेब लिहायला बसू नका. रेल्वे सेवा (आचरण) नियम १९६६ आणि केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम १९६४, दोन्हींचा पंधरावा नियम पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करण्याला मनाई करतो. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते पाहून घ्यावेत. निवृत्तीनंतर मात्र हीच विद्या साठीपुढची मिळकत होऊ शकते.

चार. 'सहा महिन्यांत अकाउंटंट, नोकरीची हमी' अशा पाट्यांपासून दूर राहा. नाव थेट संस्थेकडे घाला, फी थेट संस्थेला भरा, पावती घ्या. हिशेब शिकायला निघालेल्या माणसाने पावतीशिवाय पैसे दिले तर शिक्षणाची सुरुवातच चुकली.

अभ्यासाला वेळ कुठला, हा पुढचा प्रश्न. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पुस्तक उघडताच झोप येते हे आम्हाला सांगायला नको. रोज दोन तास अभ्यास करा असा उपदेश आम्ही करणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की एकट्याने करू नका. पाच-सहा जणांनी मिळून आठवड्याच्या सुट्टीला दोन तास बसावे. पाळ्या वेगळ्या असतील तर दोन गट करावेत. हिशेब हा वाचण्याचा विषय नाही, लिहिण्याचा आहे. प्रत्येकाने स्वतःच्या घरखर्चाची एका महिन्याची कीर्द लिहावी, तिची खतावणी करावी, तेरीज काढावी. ती जुळली नाही की चूक शोधावी. चूक शोधतानाच ही विद्या अंगात भिनते.

पण एक लक्षात ठेवा. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नाही. पतपेढीत एका सभासदाने २,००० रुपये हप्ता भरला आणि लिहिणाऱ्याने तो दुसऱ्याच सभासदाच्या खाती जमा केला, तरी तेरीज जुळेलच, कारण रक्कम आली तेवढीच कुठेतरी जमा झाली. अन्याय मात्र झाला. म्हणून 'आमची तेरीज जुळलेली आहे' असे सांगून कोणी तोंड बंद करू पाहील, तर त्याला शांतपणे म्हणावे, खतावणी दाखवा.

दुसरे उदाहरण कर्जाचे. हे वहीत उतरवून घ्या. ६०,००० रुपये कर्ज, पाच वर्षे, व्याज १२ टक्के. एक सावकारी कंपनी म्हणते, सरसकट १२ टक्के. म्हणजे वर्षाला ७,२०० प्रमाणे पाच वर्षांचे ३६,००० व्याज, एकूण ९६,०००, हप्ता १,६०० रुपये. दुसरीकडे पतपेढी म्हणते, शिल्लक रकमेवर १२ टक्के. तिथे हप्ता येतो सुमारे १,३३५ रुपये आणि पाच वर्षांचे व्याज सुमारे २०,१००. पाटीवर दोन्हीकडे १२ टक्केच लिहिलेले आहे, आणि फरक जवळजवळ १६,००० रुपयांचा आहे. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढताना आपला माणूस 'टक्के किती' विचारतो, 'कशावर' हे विचारत नाही. पहिल्या दोन महिन्यांच्या अभ्यासात हा एक शब्द विचारायला शिकलात तरी फी वसूल झाली.

आता युनियनसाठी याचा अर्थ काय, ते सांगून थांबतो.

१९२४ पासून वेगळे मांडले जाणारे रेल्वेचे अंदाजपत्रक २०१७-१८ पासून सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झाले. पूर्वी त्या दिवशी देशभर रेल्वेची चर्चा व्हायची. आता आपले आकडे मोठ्या आकड्यांत शोधून काढावे लागतात. ऑपरेटिंग रेशो हा शब्द आपल्या तोंडावर नेहमी फेकला जातो. शंभर रुपये कमवायला किती रुपये खर्च झाले, एवढाच त्याचा अर्थ. २०२१-२२ मध्ये तो १०७.३९ होता, २०२२-२३ मध्ये ९८.१०. 'पाहा, खर्च परवडत नाही, पदे कमी करा' असे म्हणणारे या आकड्यावर बोट ठेवतात. पण पेन्शन फंडात आणि घसारा निधीत त्या वर्षी किती रक्कम टाकली, यावरही हा आकडा वरखाली होतो. हे ज्याला कळते तोच पुढचा प्रश्न विचारू शकतो. आमच्या पिढीतल्या पुढाऱ्यांनी घोषणेच्या बळावर पुष्कळ मिळवले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पुढच्या पिढीला घोषणेबरोबर खतावणीही लागेल.

आणि हिशेब दुसऱ्यालाच विचारायचा असे नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने सभासदाला आपल्या युनियनच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण कायदा कोणताही असो, वर्गणी देणाऱ्याला वही पाहता आली पाहिजे, हे तत्त्व आमच्या मते चळवळीचा प्राण आहे. इतक्या वर्षांत आमच्या कार्यालयात येऊन 'सचिवसाहेब, कॅशबुक दाखवा' असे म्हणणारे सभासद बोटांवर मोजण्याइतके निघाले. हा विश्वास आम्हाला सुखावत नाही. ज्या युनियनचा हिशेब सभासद तपासत नाहीत, ती युनियन एके दिवशी खजिनदाराच्या मर्जीवर चालू लागते. तुम्ही शिकून या आणि सगळ्यांत आधी आमच्याच वह्या उघडा.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत, त्या या वर्गाने ठराव म्हणून मंजूर कराव्यात. प्रत्येक शाखेने हिशेबाचा एक अभ्यासगट सुरू करावा आणि बसायला युनियनचे कार्यालय सुट्टीच्या दिवशी उघडे ठेवावे. बारावीला आणि टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला नाव घालणाऱ्या सभासदाला, विशेषतः अनुकंपावर लागलेल्या भगिनींना, पहिल्या फीसाठी कल्याण निधीतून बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती हप्त्यांनी परत घ्यावी. आणि शाखेच्या वार्षिक सभेपूर्वी जमाखर्चाचा कागद नोटीस बोर्डावर लावावा, सभासदांना प्रश्न विचारायला आठ दिवस द्यावेत.

भगिनींना एक वेगळे सांगणे. नवऱ्याच्या जागी नोकरीला लागल्यावर तुम्हाला पाणी देणे, फायली नेणे अशी कामे दिली जातात आणि 'तुम्हाला काय जमणार' असे वर ऐकावे लागते. घरात महिनाअखेर शंभर रुपयांत चार दिवस काढणाऱ्या बाईला शिल्लक म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तिला फक्त रीत शिकवावी लागते. नाव घालणाऱ्यांच्या यादीत तुमची नावे आधी दिसली तर आम्हाला आनंद होईल.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलेली आहे. तीत चार रकाने आहेत: नाव, बिल्ला किंवा तिकीट नंबर, शेवटची पास केलेली परीक्षा, आणि कोणती वाट. चहाच्या सुट्टीत तीत आपापली नोंद करा. येत्या रविवारी पहिला गट बसेल. वही-पेन्सिल आणि आपली गेल्या महिन्याची पगाराची स्लिप घेऊन या. पहिला धडा त्याच स्लिपवर घ्यायचा आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो.